पाटाकाठच्या दगडाखाली

धोंडीराम भावजी पुण्याच्या कॉलेजात गेले आणि उन्हाळ्याच्या सुटीत घरी येऊन पाली धरू लागले. सासूबाई म्हणाल्या, "पालीच धरायच्या व्हत्या, तर गंगापूरच्या काय वाईट व्हत्या? पुण्याला कशाला गेला?"

त्यांना हवा होता सॅलमँडर. पुस्तकातलं चित्र त्यांनी मला दाखवलं. दिसायला पालच, पण कूळ बेडकाचं. "हिमालयाकडं असतो, वहिनी. आपल्याकडं कुणी पाहिला नाही. मला घावला तर नाव होईल."

ओळखायची रीत त्यांनीच शिकवली. अंगावर खवले आणि बोटांना नखं असली, तर ती पालीची जात. कातडं उघडं, ओलं, नखं नाहीत, तर बेडकाची. झेंडूचे वाफे खुरपताना मी ओरडायची, "भावजी, घावला!" ते धावत यायचे, तर सापसुरळी.

"चकाकते म्हणून ओली नाही हो. बोट लावून बघा."

लावलं. कोरडी ठणठणीत. आम्ही दोघं हसलो. लग्न झाल्यापासून मला कुणी काही शिकवलं नव्हतं. फार बरं वाटायचं.

भावजी परत गेले. श्रावणात पाटाकाठचा एक दगड मी सरकवला, तर खाली काळं-जांभळं काहीतरी वेटोळं घालून पडलेलं. गांडूळ म्हणावं तर त्याला जबडा होता. साप म्हणावं तर कातडं ओलं, खवले कुठं दिसेनात, अंगभर बारीक वळ्या. पाय नव्हतेच. म्हणजे सॅलमँडर नव्हे, पण बेडकाच्या कुळातलं नक्की. आणि वेटोळ्याच्या आत अंडी, भिजून फुगलेल्या साबुदाण्यासारखी, एकमेकांना चिकटलेली. मी वाकले तरी ती आई पळाली नाही. अंग आणखी आवळून घेतलं तिनं, माझ्या तान्ह्या बुधाला कुशीत घेऊन मी निजते तसं.

दगड होता तसा ठेवला. बुधा झोळीत झोपला की हळूच जाऊन बघायची. ह्यांना नुसतं विचारलं, तर म्हणाले, "दुतोंडं आसंल. कुदळीनं तोड." मग कुठं आहे ते कुणालाच सांगितलं नाही.

गणपतीला भावजी आले. त्यांना सांगितलं, पण आधी वचन घेतलं.

"नुसतं बघायचं. अंडी फुटून पिल्लं निघेपर्यंत हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"बुधाच्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

"शिकलेल्या माणसाला शपथा घालता का वहिनी?" ते हसले. पण ठेवला हात, बुधाच्या टाळूवर, जिथं अजून धकधकतं तिथं.

दगड सरकवला आणि ते मटकन खालीच बसले. "देवगांडूळ! बेडकाच्याच कुळातलं, बिनपायाचं! आणि अंड्यांसकट! अहो, असं बघायला मिळत नाही कुणाला!" मला इतका आनंद झाला, जणू कुणी बुधाचंच कौतुक करत होतं.

ते ज्या सकाळी टांग्यात बसून स्टेशनाकडे गेले, त्याच सकाळी हे फुलं विकायला गंगेच्या घाटावर गेल्यावर मी पाटाशी आले. दगड उलथा पडलेला. ती नव्हती. चिखलात थोडी अंडी सांडलेली. मी ती गोळा केली, दगड वर ठेवला, रोज ओंजळीनं पाणी शिंपडलं. पण तिचं अंग कुठून आणू? पांढरी बुरशी धरून अंडी गेली.

"गांडुळापायी जेवत नाय?" हे म्हणाले. त्यांना शपथेचं ठाऊक नव्हतं. मी मात्र बुधा नुसता शिंकला तरी त्याची टाळू चाचपायची.

दिवाळीला भावजी नवा कोट घालून आले. प्रोफेसरांनी पाठ थोपटली होती. "तिची बाटली कॉलेजच्या कपाटात ठेवलीय, वहिनी. खाली माझं नाव. तुमच्यामुळं हं सगळं!"

"शपथ घेतली होती तुम्ही."

"अहो, तिला मुंगसानं तरी खाल्लंच असतं. आणि ह्याला काय झालंय? बघा कसा ठणठणीत आहे." त्यांनी हात पसरले. "ये रे, काकाकडं ये."

बुधा खिदळत झेपावला. सासूबाई कौतुकानं बघत होत्या. नाही कसं म्हणू? मी खुंटीवरची कुंची काढली, त्याच्या डोक्यावर ओढली, हनुवटीखाली बंद बांधले, टाळू कुठं उघडी नाही ना ते पाहिलं. मगच दिला.

"उकडेल की त्याला," भावजी म्हणाले.

"उकडू दे," मी म्हटलं, आणि तिथंच उभी राहिले.