मागचे चाक जमिनीवर

भाच्याने मोटारगाडी घ्यायचे ठरवले, त्या संध्याकाळी घरात आनंदाला उधाण आले आणि सायकलींवर गंडांतर. गॅरेज एका गाडीपुरतेच. त्यात आत्या, भाचा, त्याची बायको आणि छोटी मुलगी यांच्या चार सायकली, एक मोडका पंखा, रंगाचे रिकामे डबे आणि ‘कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून ठेवलेले, कधीच उपयोगी न पडलेले बरेच काही. पंखा आणि डबे गेले. त्यांच्यासाठी कोणी टिपे गाळली नाहीत. सायकलींसाठी मात्र भाच्याकडे तोडगा तयार होता.

“छताला टांगू,” तो म्हणाला. “दोन कप्प्या आणि एक दोर. ओढलं की वर, सोडलं की खाली.”

“आणि ओढायचं कोणी?” आत्यांनी विचारले.

“मी आहे की! तुला सायकल हवी असेल तेव्हा हाक मार.”

वाक्य मायेचे होते, तरी ते आत्यांच्या घशात काट्यासारखे अडकले. भाचा सकाळी कामावर जाई तो दिवेलागणीला परते. भाजी, वाचनालय, दवाखाना ही आत्यांची सगळी कामे नेमकी मधल्या वेळातली. हिवाळ्यात कोपऱ्यावरच्या ओल्या पानांवरून घसरून त्यांचा उजवा खांदा दुखावला होता. तेव्हापासून सायकल उचलणे बंद होते. चालवणे मात्र त्यांनी एक महिनाभरच सोडले होते. आता कप्पी लागली की सायकल छताला आणि आत्या घरात. बंदी कुठेच नाही, नुसती हाक मारायची. साप मरणार आणि काठीही शाबूत राहणार.

आत्या तंत्रनिकेतनात यंत्ररचनेची चित्रे शिकवून निवृत्त झालेल्या. गोडीगुलाबीने बसवलेला खिळाही त्यांना लांबून ओळखू येई. हाक मारल्यावर मिळते ती सायकल आपली नव्हे, एवढे त्यांनी मनाशी पक्के केले.

“रविवारी गाडी येणार ना? तोवर छताला हात लावू नकोस. मागच्या भिंतीला मी स्टँड करते.”

“तू?”

“का? हात गहाण टाकलेत का मी?”

भाच्याची बायको हसली. “आत्या, तुम्ही लागा कामाला. चहा मी पुरवते. सल्ला हा पुरवेलच.”

दुसऱ्या दिवशी आत्यांनी कागद पसरला. सायकल उभी करायची म्हणजे सगळी उचलायची, असे लोक समजतात. पुढचे चाक भिंतीवर चढत गेले आणि मागचे जमिनीवरच राहिले, तर जसजशी सायकल उभी होते तसतसा तिचा भार मागचे चाक जमिनीला देते. हाताने फक्त वाट दाखवायची. म्हणून प्रत्येक सायकलीसाठी भिंतीवर दोन पट्ट्यांची उभी पन्हळ, तीत पुढचे चाक चढेल. खाली दोन लाकडी गुटके, त्यांच्या मधल्या खाचेत मागचे चाक बसेल. आणि वर जुन्या ट्यूबचा एक वेढा, चाक परत खाली येऊ नये म्हणून. ट्यूब घरात होतीच. लाकूड फुकट मिळवायचे होते.

हार्डवेअरच्या दुकानामागे माल ठेवायच्या लाकडी पॅलेट धूळ खात पडल्या होत्या.

“आजी, सरपणाला हव्यात का?” दुकानदाराने विचारले.

“नाही, सायकली ठेवायला.”

“चोरीला जातात का सायकली?”

“जाणार होत्या. घरातूनच.”

दुकानदाराला काही उलगडा झाला नाही, पण त्याने पॅलेट स्वतःच्या हातगाडीवरून घरपोच केल्या आणि स्क्रू तेवढे विकत दिले.

पॅलेटच्या फळ्या सुट्या करताना वाकडे खिळे आत्यांच्या नाकी नऊ आणत होते. करवत धरताच उजव्या खांद्याने संप पुकारला. आत्यांनी करवत डाव्या हातात घेतली. डावा हात मंद विद्यार्थ्यासारखा होता. शिकायला वेळ लावी, पण उलट बोलत नसे. पहिली फळी तिरपी कापली गेली. ती तिरपी बाजू त्यांनी भिंतीकडे वळवली आणि पुढची फळी घेतली. काटकोनासाठी गुण्या लावायचा, रेघ मारायची, कापायचे. हाताला झोंबणाऱ्या कडा पॉलिश पेपरने घासायच्या. भिंतीत भोके पाडायला भाचेसून शेजारून यंत्र मागून घेऊन आली आणि आत्यांनी खूण केलेल्या प्रत्येक जागी तिने दात-ओठ खाऊन ते चालवले.

शनिवारी संध्याकाळी चाचणी ठरली. पहिली सायकल भाच्याची. मागचे चाक आवरायला आत्यांनी मागचा ब्रेक दाबला, सोडला, पुढचे चाक पन्हळीतून सुरसुर वर गेले आणि मागचे खाचेत बसले. सुनेने टाळ्या वाजवल्या. मग आत्यांची सायकल शेजारच्या पन्हळीत चढू लागली आणि अर्ध्यावर खट्‌कन थांबली. दोन बोकडांनी शिंगे अडकवावीत, तशी दोन्ही हँडले एकमेकांत गुंतली होती.

आत्या तिथेच उभ्या राहिल्या. ‘बाजूने, समोरून आणि वरून बघितल्याशिवाय वस्तू कळत नाही’ हे त्यांनी किती वर्गांना पाठ करायला लावले होते! आणि स्वतः स्टँडची तिन्ही चित्रे काढली, पण सायकलीचे एकच, बाजूचे. बाजूने हँडल दिसते बोटभर. समोरून बघावे तर सायकल म्हणजे जवळजवळ नुसते हँडलच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पन्हळी लांब सरकवाव्यात, तर भिंतच संपत होती.

“जाऊ दे गं आत्या,” भाचा हळूच म्हणाला. “कप्प्या आणल्यात मी.”

“कधी?”

“सोमवारीच.”

“म्हणजे मी कागद पसरण्याआधी!” आत्या वळल्या. “माझी सायकल तुला वर का हवी आहे, ते एकदा सरळ सांग.”

भाच्याने गुंतलेल्या हँडलांकडे बघत उत्तर दिले. “तू पडलीस तेव्हा फोन मला आला होता. कोणी अनोळखी माणूस. म्हणाला, तुमची आई रस्त्यात पडलीय. आई नाही, आत्या आहे, एवढंसुद्धा सुचलं नाही मला सांगायला.”

आत्यांनी आता भाच्याकडे नीट पाहिले. त्याचेही त्यांनी एकाच बाजूचे चित्र काढले होते.

“घाबरलास, तर घाबरलो म्हणायचं. मध्ये कप्पी कशाला?”

“म्हटलं असतं तर ऐकलं असतंस?”

“नसतं ऐकलं.”

“मग?”

“मग भांडलो असतो. ते बरं.” सून खुदकन हसली. आत्या पुढे म्हणाल्या, “ओलं असेल तेव्हा कोपऱ्यावर उतरून चालत जाईन, हा माझा शब्द. आणि सायकलीसाठी हाक मारणार नाही, हासुद्धा माझाच शब्द. आता सरक, मला बघू दे.”

भाचा सरकला. आत्यांनी या वेळी सायकल समोरून पाहिली, मग स्टुलावर चढून वरून पाहिली. भाच्याने स्टूल धरून ठेवले. हँडले शेजारी मावत नव्हती. पण एक वर आणि एक खाली असली, तर कोण कोणाला अडवणार?

रविवारी सकाळी उरलेल्या फळ्यांचे गुडघाभर उंचीचे दोन भक्कम चौरंग झाले. एकाआड एक पन्हळीखाली ते बसले. वर भाच्याची आणि सुनेची सायकल. खाली आत्यांची आणि भाच्याच्या मुलीची छोटी.

“म्हणजे आम्ही आमच्या उचलून ठेवायच्या?” भाचा म्हणाला.

“तुमचे खांदे शाबूत आहेत.”

“पॅलेट फुकटच्या,” सून म्हणाली, “आणि वर व्यायामशाळाही फुकट!”

दुपारी गाडी आली, आत गेली आणि सायकलींच्या अलीकडे दोन हात जागा सोडून उभी राहिली. खरी परीक्षा आता होती. आत्यांनी ट्यूबचा वेढा काढला, मागचा ब्रेक दाबला आणि सायकल उतरवू लागल्या. भाच्याचा हात पुढे आला. सुनेने त्याच्याकडे पाहिले. तो हात त्याने खिशात घातला. पुढचे चाक डुगडुगले, सीट आत्यांच्या कमरेला लागली, पण चाक जमिनीवर टेकले. गाडी आणि भिंत यांच्यामधल्या बोळातून त्या सायकल घेऊन निघाल्या. चकचकीत दार आणि हँडल यांच्यात बोटभर अंतर. भाच्याने श्वास रोखून धरला. गाडीसाठी की आत्यांसाठी, ते त्याचे त्यालाच ठाऊक.

“कुठे निघालीस?”

“भाजीला. काय हवं ते आत्ताच सांग. नंतर हाक मारलीस तर ऐकू यायचं नाही.”

“टोमॅटो,” तो म्हणाला. “आणि सावकाश ये.”

फाटकातून तो बघत राहिला. कोपरा कोरडा ठणठणीत होता. तरीही आत्या तिथे उतरल्या, सायकल हाताने धरून वळणाच्या पलीकडे चालत गेल्या आणि मागे न बघता पुन्हा सीटवर बसल्या.