वरचे दोन दात

नाट्यगृहाच्या जिन्यावर ताईंचा पाय घसरला आणि वरचे पुढचे दोन दात गेले. दुसऱ्या कुणी ते हसण्यावारी नेलं असतं. पण ताई नाटकाच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायच्या, आणि त्या वाद्याचं तोंड वरच्या दातांना टेकवूनच धरायचं असतं.

"खोटे दात बसवू," डॉक्टर म्हणाले. "खा, हसा. फुंकणं मात्र विसरा."

वाद्यवृंदाचे संचालक फळं घेऊन आले. "तुमची जागा सॅक्सोफोनवाला सांभाळेल. तुम्ही झांजा घ्या."

"झांजा तुम्हीच घ्या," ताई म्हणाल्या. फटीतून 'झ' धड निघाला नाही, म्हणून त्यांनी तेच पुन्हा, जोरात म्हटलं.

मग त्यांनी खालच्या ओठासारखा वरचा ओठही आत दुमडला आणि त्यावर वाद्य धरलं. बदकाचा गळा दाबावा तसा आवाज निघाला. ओठ सोलवटले, तरी रोजचा रियाज सुटला नाही. भाऊ वैतागला, "अगं, नशिबात नाही म्हण आणि सोड!"

"नशिबाला वाजवता येतं का?"

वहिनीने मुकाट्याने खिडक्या लावून घेतल्या. "वाजवा वन्सं. शेजाऱ्यांचं मी बघते."

तालमीच्या दिवशी ताई न बोलावता गेल्या. आई घर सोडून जाते तो प्रवेश चालू होता. तिथे बासरी एकटी वर चढते आणि क्लॅरिनेटने खालून तिला आधार द्यायचा असतो. सॅक्सोफोनने तिला पार गिळून टाकलं होतं.

"ऊठ रे बाबा," ताई म्हणाल्या.

"सुटलो!" म्हणत सॅक्सोफोनवाला उठला.

संचालकांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "ताई, तुम्हाला बोलावलं नव्हतं."

"ठाऊक आहे. करा सुरू."

सूर पूर्वीसारखा चकचकीत नव्हता. शेजारच्या खोलीतून कुणी हळू बोलावं तसा होता. बासरी त्यावर निर्धास्त रेलली. आणि अगदी वरच्या सुराशी क्लॅरिनेट किंचाळलं.

संचालकांनी छडी खाली ठेवली. "ऐकलंत?"

"ऐकलं. मी बोळकी झालेय, बहिरी नाही. पुन्हा घ्या."

मग बासरीवालीने बासरी ओठांना लावली आणि संचालकांकडे बघत राहिली. त्यांनी उसासा टाकून छडी उचलली.

तिसऱ्या खेपेला वरचा सूर ताईंनी बासरीला देऊन टाकला आणि खालची सगळी वाट स्वतः धरली. प्रवेश संपला तेव्हा वाद्याच्या तोंडाला रक्त लागलं होतं. ते पदराने पुसून त्यांनी पुढचं पान उलटलं.

"पुढे?" त्यांनी विचारलं.