तापलेला फाळ आणि चोरलेलं लोणी

मी कॉलेजातून सुट्टीवर आले, तेव्हा डिलिया मावशीच्या स्वयंपाकघरात शेजाऱ्यांच्या गर्दीने पाय ठेवायला जागा नव्हती. मे महिन्याचा पहिला दिवस; गावच्या समजुतीप्रमाणे याच दिवशी चेटूक करून दुसऱ्याचं लोणी पळवतात. थंड कोठीत तीन दिवस घुसळूनही पिंपात लोण्याचा कण नव्हता, आणि चुलीत नांगराचा फाळ लालभडक होत होता.

"लोणी चोरलंय," मर्टी गॅनन म्हणाला. परीलोकाच्या बाधा उतरवणारा हा बुवा. "फाळ तापला की चोरणारीच्या पोटात आग पडेल आणि ती इथे धावत येईल. पहिली जी बाई दारात येईल, तीच!"

दार उघडलं. शेजारची विधवा नापला. "देव तुमच्या कामाला यश देवो," म्हणत तिने रीतीप्रमाणे रवीला हात लावला. "डिलिया, बोलावलंस मला?"

मावशी तोंड उघडणार, तोच गॅननने पुटपुटत फाळ सायीत खुपसला. चर्र! दहा मिनिटं घुसळलं, आणि लोणी आलं.

"हीच ती!" मावशीचे यजमान मॅटी काका यांनी चुलीतलं जळतं लाकूड उचललं. "हिचं छप्परच पेटवतो!"

नापला पांढरीफटक पडली. मी दारात आडवी उभी राहिले.

"काका, कोठीत निम्मी साय तशीच आहे. मी थर्मामीटर बुडवून पाहिला. नऊ अंश! इतक्या गारठ्यात लोणी सुटत नाही."

"कॉलेजात सायीचा ताप मोजायला शिकवतात वाटतं!" गॅनन हसला.

"मंत्र नको, फाळ नको. नुसतं गरम पाणी. आणि घुसळेल नापला मावशी."

"चोराच्या हातून लोणी? जन्मात येणार नाही!" गॅनन म्हणाला.

सायीचं मडकं गरम पाण्यात ठेवलं. पंधरा अंश झाल्यावर साय दुसऱ्या पिंपात ओतली. नापला घुसळू लागली. काकांच्या हातातलं लाकूड धुमसत होतं. पाच मिनिटं. दहा. रवी जड झाली. रवीचा दांडा जातो त्या झाकणाच्या भोकापाशी पिवळे कण चिकटले.

"आलं गं बाई!" डिलिया मावशी पुढे धावली.

मी विचारलं, "नापला मावशी, तुला बोलावलं कुणी?"

"गॅननने. म्हणाला, डिलियाने लगेच ये म्हटलंय."

"मी कधी म्हटलं?" मावशी गरकन वळली. "मेल्या, गेल्या वर्षी ही तुझ्या ताइतांना हसली होती, म्हणून होय?"

गॅनन टोपी चाचपत राहिला. काकांनी लाकूड चुलीत टाकलं आणि नापलासाठी खुर्ची ओढली.

फाळाने साय तापवली, एवढंच. पुढच्या वेळी लोणी आलं नाही, तर शेजारणीकडे बोट दाखवण्याआधी सायीत बोट बुडवून पाहा.