शकुताईचं रक्त

अकरा वाजून वीस मिनिटांनी अपूर्वाने शकुच्या बोटाला दुसऱ्यांदा सुई टोचली. पहिला थेंब तिने तासाभरापूर्वीच घेतला होता.

शकु मुलुंडच्या त्या कॉलेजात लॅब अटेंडंट. काचपट्ट्या धुवायच्या, रंगांच्या बाटल्या भरायच्या, संध्याकाळी कुलपं लावायची. आणि रक्त द्यायचं. हे काम तिला कुणी नेमून दिलेलं नव्हतं. शेवटच्या वर्षाची मुलं दरवर्षी प्रकल्प करत, आजारी माणसाच्या रक्ताशी ताडून पाहायला त्यांना एक धडधाकट माणूस लागे, आणि शकु समोरच असे. तिचे आकडे कायम जिथल्या तिथे. मुलं तिला ‘नॉर्मलताई’ म्हणत. अर्धं मुलुंड तुझ्या रक्तावर पास झालंय, असं नितेश नावाचा वात्रट एकदा म्हणाला होता. ते तिने घरी नवऱ्याला, कुंडलिकला, दोनदा सांगितलं होतं.

पण लागोपाठ दोनदा बोट आजवर कुणी मागितलं नव्हतं.

“पहिली काच फोडलीस काय गं?”

“नाही ताई.”

अपूर्वाने मान वर केली नाही. एरवी ही पोरगी टोचताना जगभरची बडबड करायची. शकु बेसिनकडे गेली, नळ सोडला आणि पाठीमागचं ऐकत राहिली. मायक्रोस्कोपपाशी खुर्ची सरकली. नितेश काहीतरी पुटपुटला. मग तो त्यांना शिकवणाऱ्या अनुपमा मॅडमना बोलावून घेऊन आला. मॅडम वाकल्या आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. धुतलेली काच शकु पुन्हा धूत होती.

“शकुताई, नळ बंद करा आणि इकडे बसा जरा,” मॅडम म्हणाल्या.

अठरा वर्षांत त्या खोलीत तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. ती उभीच राहिली.

मॅडमनी सांगितलं ते असं. अपूर्वा आणि नितेशचा प्रकल्प मोबाइलच्या कॅमेऱ्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजण्याचा. तीन आठवड्यांपूर्वी पहिली चाचणी शकुवर झाली, तेव्हा मोबाइलने पेशी पाचपट दाखवल्या. दोघं हसले. शकुताईचं रक्त चुकणार नाही, म्हणजे मोबाइलच येडा झालाय, असं त्यांनी ठरवलं आणि तिचा आकडा जागेवर येईपर्यंत मोबाइलला दुरुस्त करत बसले. काल त्याच मोबाइलवर त्यांनी स्वतःचं रक्त लावलं, मॅडमचंही लावलं. सगळ्यांच्या पेशी इतक्या कमी निघाल्या, की त्यांच्यापैकी कुणी पायांवर उभंच राहू नये. म्हणून आज अपूर्वाने मोबाइल बाजूला ठेवून डोळ्यांनी मोजलं. एकदा मोजून विश्वास बसला नाही, म्हणून दुसऱ्यांदा.

“म्हणजे मोबाइल बरोबर होता,” शकु म्हणाली.

नितेश फरशीकडे बघत होता.

“मी डॉक्टर नाही, शकुताई,” मॅडम म्हणाल्या. “साधा जंतुसंसर्गही असू शकतो. पण थांबायला नको.”

दिवाळीपासून शकुचे ब्लाउज सैल होत होते. शेजारणीने विचारलं होतं, कसलं डाएट करतेस गं? आणि ती हसून म्हणाली होती, लॅबचे जिने. आता ते हसणं तिला आठवलं आणि तिने ओले हात ॲप्रनला पुसले.

“आम्हाला वाटलं, तुझं चुकूच शकत नाही,” अपूर्वा म्हणाली आणि रडू लागली.

“मला बघू दे,” शकु म्हणाली.

ती भिंगं तिने रोज पुसली होती, पण स्वतःचं रक्त कधी पाहिलं नव्हतं. अपूर्वाने नाक पुसत तिला फोकस लावून दिला. फिकट गुलाबी पसाऱ्यात जांभळे ठिपके, म्हणजे रंग दिलेल्या पांढऱ्या पेशी. खूप. दिसायला छानच होते.

“यातले वाईट कुठले?”

“ते मला नाही सांगता येणार, ताई.”

शकुने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि पाहत राहिली. डोळा काढला, की पुढचं काहीतरी सुरू होणार होतं.

दुपारी मॅडमनी तिला रिक्षाने घाटकोपरच्या इस्पितळात नेलं. तिथल्या मशीननेही तोच आकडा दाखवला. त्या रात्री कुंडलिकला तिने लोह कमी आहे एवढंच सांगितलं. पण गुरुवारी कमरेच्या हाडातून नमुना घ्यायचा होता, त्यासाठी जवळच्या माणसाची सही लागणार होती. मग सगळंच सांगावं लागलं. तो कागद वाचता वाचता कुंडलिकने चष्मा काढला, पुसला आणि न वाचताच सही केली.

रिपोर्ट मंगळवारी दुपारी, आम्हीच फोन करू, असं इस्पितळाने सांगितलं.

आज मंगळवार. मॅडमनी रजा घ्यायला सांगितली होती. शकु कामावर आली. घरात बसून भिंतींकडे बघवत नाही, म्हणाली. प्रकल्पाचा सोडला तर लॅबमध्ये मोबाइल आणायला बंदी आहे. तिच्या ॲप्रनच्या खिशात तो मॅडमना दिसला. त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं. दोनच्या सुमाराला तो वाजला, तेव्हा सगळ्या मुलांनी माना वळवल्या. कर्ज हवंय का, असं कुणीतरी हिंदीत विचारत होतं.

सव्वाचारला पुन्हा वाजला. नाहूरच्या घरून कुंडलिक होता. इस्पितळाचा फोन आला का, असं विचारत होता. अजून नाही, असं सांगून तिने मोबाइल पुन्हा खिशात टाकला आणि पुढची काच धुवायला घेतली.