गोड पाला

"अगं, काहीतरी गोड दे. लवकर."

आमचे हे शिवणकाम करायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत, मीसुद्धा. त्या सकाळी कोटाचं कापड टेबलावर पसरलेलं होतं आणि त्यांच्या हातातली कात्री थरथरत होती. कपाळावर घाम. इन्सुलिन टोचून तास होऊन गेला होता आणि कापड बेतून संपवायच्या नादात नाश्ता तसाच झाकून राहिला होता.

घरात साखर होती कुठे? वर्षापूर्वी मीच तिला हद्दपार केली होती. खिडकीतल्या डब्यांत स्टीव्हिया लावली होती. आम्ही तिला गोड पाला म्हणायचो. चहात दोन पानं, दुधात चार. मास्तर चिडवायचे, "साखरेचं खाणार त्याला देव देणार म्हणतात. पाला खाणाऱ्याला काय देणार, शिंगं?"

मी मूठभर पानं चुरगाळून कोमट पाण्यात कालवली.

"गोड आहे ना?"

"फार गोड."

मला हायसं वाटलं. दुसरा पेला केला. तिसरा. "आता बरं वाटेल हं." ते शहाण्या मुलासारखी मान हलवून घोट घ्यायचे. घाम थांबेना. बोलणं जडावलं. मग पाणी ओठांवरून हनुवटीवर ओघळायला लागलं.

तेव्हा कुठे मी शेजारी धावले. "साखर द्या हो, मूठभर!"

"तुम्हाला? साखर?" शेजारीण हसली, माझा चेहरा पाहून डबाच घेऊन पळत आली. पण तोवर दातखीळ बसली होती.

डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. "किती वेळ होते असे?"

"तासभर. मी सारखं गोड देत होते हो!"

"काकू, ते जिभेपुरतं गोड. रक्तात साखर जाऊ नये म्हणूनच लावलंत ना?"

म्हणूनच. गल्लीभर त्याचं कौतुक मीच सांगत फिरले होते. त्या सकाळी हात मात्र सवयीनं खिडकीकडे गेला.

मास्तर जगले, पुढे पाच वर्षं, पण तासभर साखरेवाचून राहिलेला मेंदू सावरला नाही. कात्री कशी धरायची ते गेलं, मी कोण तेही गेलं. सकाळी मी समोर आले की अदबीनं उठायचे.

"या बाई. माप द्यायचंय ना?"

मी ताठ उभी राहून हात जरा बाजूला धरायचे. ते रिकाम्या बोटांनी खांद्यापासून मनगटापर्यंत मोजत यायचे.

"कधी मिळेल, मास्तर?"

"मंगळवारी या."

"बरं," मी म्हणायचे.