ज्योतीची धर्ममाता

ज्योतीनं कॅथलिक व्हायचं ठरवलं आणि त्या वाटेवर पाठीशी उभी राहणारी धर्ममाता म्हणून आपल्या मोठ्या जावेचं, सविताचं नाव फादरांना सांगितलं, तेव्हा सविताला मनापासून बरं वाटलं. बेलापूरच्या त्या छोट्या चर्चमध्ये तिच्याइतकी राबणारी दुसरी बाई नव्हती. वेदीवरची वस्त्रं धुणार ती, रविवारी वाचन करणार ती, आणि संध्याकाळी सासूला, गोजरबाईला शेजारी बसवून जपमाळ म्हणणारही तीच. ज्योती पुणतांब्याची, प्रोटेस्टंट घरातली. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी तिनं आपला पंथ सोडला नव्हता, आणि घरात कुणी तिला जबरदस्तीही केली नव्हती.

फादर सविताला बाजूला घेऊन म्हणाले होते, "तिचा बाप्तिस्मा झालेला आहे, तो पुन्हा होत नसतो. आपण तिची तयारी करून घ्यायची, मग दृढीकरणाचा संस्कार आणि पहिलं कम्युनियन. तुम्ही फक्त तिच्यासोबत बसत जा."

सविताच्या मनानं त्याचा अर्थ शिकवत जा असा घेतला. पण दर गुरुवारी दुपारी चर्चच्या बाजूच्या खोलीत वर्ग सुरू झाला आणि शिकवायचं काही उरलंच नाही. ज्योतीच्या वडिलांनी तिच्याकडून लहानपणीच बायबलातली वचनं पाठ करून घेतली होती. फादर एखादं वचन अर्धं म्हणत आणि ती ते पुरं करी. एकदा फादर म्हणाले, "आज शेवटची प्रार्थना ज्योतीबाई करतील." ज्योतीनं डोळे मिटले आणि शेजारच्या माणसाशी बोलावं तशी देवाशी बोलायला लागली. आजारी गाय, सासूचे गुडघे, वर्गातल्या दुसऱ्या बाईचा परगावी गेलेला मुलगा, सगळं त्यात आलं. ती बाई पदरानं डोळे पुसायला लागली. सविताला शेकडो प्रार्थना पाठ होत्या, पण आपल्या तोंडचं एक वाक्य देवापुढं ठेवायची तिच्यावर कधी वेळ आली नव्हती.

ही गोष्ट घरात पोचायला वेळ लागला नाही. त्या संध्याकाळी जपमाळ संपली तशी गोजरबाई म्हणाली, "ज्योते, जरा इकडं ये. गुडघ्यावर हात ठिव आन् तुझ्या तोंडानं दोन शब्द म्हन. तुझं बोलनं काळजाला लागतं, बाई."

सविता जपमाळ डबीत ठेवत होती. तिच्या हातून डबीचं झाकण नीट बसेना.

त्यानंतर तिला ज्योतीचं सगळंच खुपायला लागलं. तिचं भाकरी थापतानाचं गुणगुणणं खुपायचं, फादर जाता जाता तिच्याशी दोन शब्द जास्त बोलले तर तेही खुपायचं. आपण वेदीची वस्त्रं घासून हात सोलून घ्यायचे आणि काल आलेलीनं कौतुक न्यायचं, हे तिच्या मनातून जाईना.

ईस्टरआधीचा उपवासकाळ निम्मा सरला तेव्हा दोघी रानात काढलेल्या कांद्याची पात विळ्यानं काटत बसल्या होत्या. ज्योतीनं विचारलं, "अक्का, त्या दिवशी नेमकं काय काय करत्यात वं?"

सविताच्या तोंडून सहज निघून गेल्यासारखं निघालं, "आदी डोक्यावर पानी. नव्यानं बाप्तिस्मा."

"पन माझा झालाय की."

"तुझा झाला, व्हय. पन तुमच्याकडचा आमच्यात धरत न्हाईत."

ज्योतीचा विळा थांबला. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. आईच्या मांडीवर, पुणतांब्याच्या चर्चमध्ये झालेला तो बाप्तिस्मा तिला आठवत नव्हता, पण वडिलांनी तो इतक्यांदा सांगितला होता, की आईचं लुगडं कोणतं होतं हेही तिला ठाऊक होतं. सविताला हे सगळं माहीत होतं. ज्योती कांदे काटत राहिली आणि संध्याकाळी दोन दिवस माहेरी जाऊन येते म्हणाली.

दोनाचे आठ दिवस झाले. गुरुवारी सविता एकटीच वर्गाला गेली. फादरांनी प्रार्थना तिला सांगितली, तिनं पाठ होती ती म्हटली. घरी गोजरबाई पूर्वीसारखी तिच्याच शेजारी बसली. जे हवं होतं ते सगळं परत मिळालं होतं. तरीही रात्री जेवताना दीर, ज्योतीचा नवरा हर्षल, ताटात नुसता हात फिरवत बसला आणि म्हणाला, "वहिनी, ती म्हनती मला न्हाई व्हायचं कॅथलिक. काय झालं, तुमाला काय बोलली का?" सविता म्हणाली, "मला काय ठावं." त्या दिवशी तिला भाकरी गेली नाही.

पुढच्या गुरुवारी मात्र ज्योती थेट पुणतांब्याहून वर्गाला आली. वडिलांनी तिला सांगितलं होतं, मनात धरून बसू नको, फादरांनाच विचार. तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "फादर, माझा बाप्तिस्मा खोटा ठरनार असंल तर मी हितंच थांबते. माझ्या आईला मी खोटं न्हाई पाडायची."

फादर चकित झाले. "कुणी सांगितलं तुम्हाला? बाप्तिस्मा एकच. तुमचा झाला, तो झाला. तुमच्या आईनं जे केलं त्याच्यावर पाणी ओतायचा अधिकार मलाही नाही." मग कपाळाला आठ्या घालून त्यांनी पुन्हा विचारलं, "पण सांगितलं कुणी?"

सविताचे कान तापले. ज्योतीनं तिच्याकडं पाहिलं, पुरतं पाहिलं, आणि म्हणाली, "माझ्या ऐकन्यात चूक झाली असंल."

सविताला ते आरोपापेक्षा जड गेलं. ही चांगुलपणातही आपल्या पुढंच, असं तिच्या मनात आलं, आणि असं मनात यावं याची तिला लाजही वाटली.

परतीच्या वाटेवर कॅनॉलच्या पुलाशी तिला राहवेना. "नाव का न्हाई घेतलंस माझं?"

"घेतलं असतं तर फादरांनी दुसरी धर्ममाता दिली असती." ज्योतीचा आवाज थंड होता. "तुमाला ठावं हुतं न्हवं, अक्का?"

"व्हय."

"मग का?"

"आत्याबाई गुडघ्यावर हात ठिवायला तुला बोलावत्यात. फादर तुला बोलावत्यात. माझं काय ऱ्हायलं?"

ज्योती पूल ओलांडून पलीकडं गेली. मग म्हणाली, "इतकी वर्सं कम्युनियनची भाकर घ्यायला मला सोडून सगळा बाक उठायचा. तुमी माझे गुडघे वलांडून जायच्या आन् परत यायच्या तवा तुमचं तोंड निराळंच दिसायचं. मी बसल्याजागी जळायची. ते मला पायजे हुतं. म्हनून तर तुमचं नाव सांगितलं." आणि तिनं पुढं जोडलं, "पन आईवरनं बोलला, ते मी इतक्यात न्हाई इसरायची. घरात कामापुरतं बोला."

आणि खरोखरच ईस्टर होईपर्यंत ती कामापुरतंच बोलली. सवितानं तक्रार केली नाही. गुरुवारी ती शेजारी बसायची, फादरांनी विचारलं तरच बोलायची. एकदा ज्योती जपमाळेतलं 'नमो मरिया' म्हणताना अडली, तेव्हा सवितानं हळूच पुढचा शब्द सांगितला, आणि ज्योतीनं तो घेतला. त्या पलीकडं दोघींत काही घडलं नाही.

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी ज्योतीला कॅथलिक म्हणून चर्चमध्ये स्वीकारलं. पुणतांब्याहून तिचे वडील, बन्सी, पांढरा सदरा घालून आले आणि पहिल्या बाकावर गोजरबाईशेजारी बसले. ज्योती वेदीसमोर उभी राहिली, मागं सविता, उजवा हात तिच्या खांद्यावर. कॅथलिक चर्च जे मानतं ते सगळं मी मानते, हे वाक्य ज्योतीनं न अडखळता, सबंध चर्चला ऐकू जाईल असं म्हटलं. मागून कुणीतरी कौतुकानं पुटपुटलं. सविताच्या मनात तो जुना हेवा पुन्हा उठला, तसाच, जराही कमी नाही. हाताखालचा खांदा मात्र थरथरत होता. एवढ्या धीटपणे बोलणारी ही पोर आतून घाबरलेली आहे, हे त्या चर्चमध्ये एकट्या सविताला कळत होतं. तिनं हात घट्ट केला.