काठावरचा सत्कार

महाडात पावसाने जोर धरला की तळमजल्यावरचं सामान माळ्यावर जातं. अशा गावात अर्शदशेठ जमिनीखाली दोन मजली पार्किंग बांधायला निघाले होते. त्या खड्ड्याची सुरक्षा अधिकारी मी, ललिता. आणि खड्ड्याच्या तळाशी सळया बांधणाऱ्यांत माझे बाबा, जानू. मला ही नोकरी लागली तेव्हा त्यांनी आळीभर पेढे वाटले होते.

त्या सकाळी बरोबर बाबांच्या डोक्यावर, काठाच्या मातीत भेग दिसली. हात सहज आत जाईल एवढी. कडेला आधार द्यायचे लोखंडी पत्रे ट्रकसकट कशेडी घाटात अडकलेले. आणि भेग आणि खड्डा यांच्यामध्ये उरलेल्या जागेवर मांडव घातलेला, त्यात पांढरे टॉवेल टाकलेले सोफे. धोका मूल्यांकन समितीची बैठक काठावरच घ्यायची, म्हणजे समितीला धोका जवळून दिसेल, ही शेठची कल्पना. माणूस वाईट नाही हो, पण कल्पना फार सुचतात.

समितीने लाल शेरा दिला तरच काम थांबणार होतं. पद्धत सोपी. दुर्घटनेची शक्यता पाचपैकी किती, परिणाम पाचपैकी किती, आणि दोन्हींचा गुणाकार; मोठा आला की लाल, लहान आला की हिरवा.

मी म्हटलं, "शक्यता पाच, परिणाम पाच. कडा ढासळली तर खालची माणसं मरतील."

समितीचा सत्कार नुकताच झाला होता; अध्यक्षांनी त्यात मिळालेला नारळ मांडीवर ठेवला. "मॅडम, कार्यक्रमात असं अभद्र बोलू नये. परिणाम दोन लिहा."

"आणि ही भेग?"

"शक्यतापण दोनच. आपण एवढे जण बसलोय इथे, काही झालं का?"

शेठ हळूच म्हणाले, "दोन दुणे चार, म्हणजे हिरवा. छान दिसतो."

माझं डोकंच फिरलं. काठाशी जाऊन मी ओरडले, "बाबा, सगळ्यांना घेऊन वर या! काठ फुटलाय!"

खालून आवाज आला, "काल पन फुटलेला. काय झाला नाय. पावणे बसलेत वर, काम टाकून कसा येऊ गो?"

निवेदक चहा पीत होता. मी त्याचा माईक उचलला.

"यानंतर सत्कार आपल्या कामगार बंधुभगिनींचा! सर्वांनी ताबडतोब वर यावं!"

खाली एकच गडबड उडाली. धोक्याला न हलणारी माणसं सत्काराला निघाली, पण तयारी करून. कुशाबा शर्ट झटकू लागला. राहीबाईंनी पदर सारखा केला. चांगूने पंपाच्या पाण्यात पाय धुतले, मग चेहरा, मग पुन्हा पाय. मी माईकवरून लवकर लवकर म्हणत होते आणि हे लोक केस विंचरत होते. शिडीपाशी तर "आधी तुम्ही, आधी तुम्ही" सुरू झालं. बाबा वयाने मोठे, म्हणून ते सगळ्यांना पुढे घालून स्वतः खालीच थांबले. वरून माती सुटून त्यांच्या खांद्यावर पडत होती आणि ते ती झटकत होते, सत्काराला मळकं कसं जायचं म्हणून. मला रडू फुटलं.

वडिलांच्या सत्काराने मुलगी गहिवरली असं वाटून समितीने टाळ्या वाजवल्या.

अखेर बाबा वर आले. मी त्यांचं मनगट जे धरलं ते सोडलं नाही. दुसऱ्या हाताने अध्यक्षांच्या मांडीवरचा नारळ उचलून बाबांना दिला, आणि माईकवर म्हणाले, "आता सामुदायिक फोटो! रस्त्यापलीकडे, इमारतीच्या फलकासमोर!"

पहिल्या रांगेत उभं राहायला मिळावं म्हणून अध्यक्षच आधी पळाले. त्यांच्यामागे शेठ, त्यांच्यामागे सगळा मांडव. मी बाबांना ओढत शेवटी पोचले.

फोटोवाला "हसा" म्हणाला आणि मागे काठ खचला. सोफे, टॉवेल, माईक, चहाची किटली, सगळं खड्ड्यात. बाबा जिथे सळया बांधत होते तिथे आता मातीचा ढीग होता, आणि त्यावर अध्यक्षांचा सोफा उलटा पडलेला.

धूळ बसल्यावर अध्यक्ष समाधानाने म्हणाले, "बघा, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. म्हणजे परिणाम दोन बरोबर होता."

मी काहीतरी खरमरीत बोलणार होते. पण बाबा नारळ छातीशी धरून माझ्याकडे बघत होते. खड्ड्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"पन ललिता," ते लाजत म्हणाले, "मी केला काय एवढा, सत्कार करायला?"

"वर आलात, बाबा."